लिंग्वल ब्रेसेससाठी मेण, सिलिकॉन वगैरे: जिभेच्या बाजूने केलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांची जीभ सोलवटून निघालीये आणि लांबलचक वाचायचं त्राण नाही त्यांनी इथूनच कटलं तरी चालेल. दातांच्या मागच्या बाजूला ब्रेसेस, म्हणजे लिंग्वल, असतील तर साधं ऑर्थो वॅक्स, म्हणजे मेण, पाचपैकी दोन. सिलिकॉनच्या तयार पट्ट्या पाचपैकी चार. दोन गोळे एकत्र मळून लावायचं सिलिकॉन मिळतं, ते नीट जमलं तर साडेचार, नाही जमलं तर शून्य, मधलं काही नाही. आणि तोंड सुन्न करणारी जेल असतात त्यांना मी मार्कच देत नाहीये, त्यांचं काम वेगळं आहे, त्यावर खाली बोलते.

हे वेगळं लिहायची गरज का पडली तर ब्रेसेसचं मेण किंवा सिलिकॉन शोधायला गेलं की जे रिव्ह्यू सापडतात ते जवळजवळ सगळे बाहेरून ब्रेसेस लावलेल्यांचे असतात. "दिवसभर टिकलं, एकदम मस्त", पाच स्टार. ते खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांचं ब्रॅकेट, म्हणजे दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा, लागतं गालाला नाहीतर ओठाला आणि गाल बिचारा एका जागी असतो. जीभ बसते का एका जागी? बोलताना ती फिरणार, खाताना घास इकडून तिकडे तीच ढकलणार, झोपेतसुद्धा लाळ गिळायची म्हटली की वरच्या दातांच्या मागे टेकणार, आणि एवढं कमी म्हणून तिला खोड अशी की तोंडात काही नवीन आलं की तिथंच जाऊन चाचपत बसायचं. जिथं टोचतंय तिथंच परत परत. म्हणजे जे काही लावाल त्याला ती येता जाता उकरणार हे धरूनच चालायचं.

दुसरं लाळ. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बुडाशी, जबड्याखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात. आता गंमत बघा, खालच्या पुढच्या दातांवरची ब्रॅकेट्स जिभेच्या टोकाला सगळ्यात जास्त लागतात आणि नेमका तिथंच नळ चालू. मेण काय, सिलिकॉनच्या पट्ट्या काय, दोन्ही कोरड्या जागेवरच चिकटतात. त्यामुळे बाहेरच्या ब्रेसेसवर ज्या वस्तूला पाच मार्क मिळतात तीच आतून लावली की दोनावर येते, वस्तू तीच आहे, जागा वाईट आहे.

थोडं विषयांतर, पण मला हे वाचून फार मजा वाटली होती म्हणून सांगतेच. आतून ब्रेसेस लावायची कल्पना १९७० च्या दशकात जपानमध्ये किन्या फुजिता आणि अमेरिकेत क्रेव्हन कुर्झ या दोन ऑर्थोडॉन्टिस्टांनी, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, साधारण एकाच काळात पुढे आणली. कुर्झकडे येणाऱ्यांना ब्रेसेस दिसायला नको होत्या, पण फुजितांचा हेतू वेगळा, मार्शल आर्ट्स खेळणाऱ्यांना तोंडावर फटका बसला की बाहेरच्या ब्रॅकेटवर ओठ फाटायचे, ते वाचवायचे होते. म्हणजे ओठ वाचले आणि जिभेच्या मागे लागलं. तेव्हाची ब्रॅकेट्स चांगली जाडजूड होती. आता इन्कॉग्निटो, विन वगैरे सिस्टिममध्ये प्रत्येक दाताच्या मापानं ब्रॅकेट बनवून येतं आणि ते दाताला बरंच चपटं बसतं, आणि जितकं चपटं तितका जिभेला आणि बोलण्याला त्रास कमी, हे अभ्यासांमध्येही दिसलंय आणि डोकं चालवलं तरी कळतं. म्हणून ज्यांनी अजून लावलेल्या नाहीत त्यांना सांगते, मेण कुठलं घेऊ हा प्रश्न नंतर, आधी डॉक्टरला विचारा की ब्रॅकेट किती जाड असणारे, तयार साच्यातली आहेत की मापानं बनवलेली, आणि मॉडेलवर लावलेली असतील तर बोट फिरवून बघा. जे बोटाला खरबरीत लागतं ते जिभेला दसपट लागणार.

आता मेण. ब्रेसेस लावल्या की डॉक्टर बहुतेक वेळा एक छोटी डबी हातात देतातच, त्यात कांड्या असतात. हे मुख्यतः पॅराफिन असतं, काहींत मधमाशीचं मेण किंवा कार्नौबा मेण घातलेलं असतं, मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असेल तर डबीवर वाचून घ्या. वाटाण्यापेक्षा लहान तुकडा तोडायचा, बोटांत मळून गोळी करायची, ब्रॅकेटवर दाबायची. सोपं आहे, मऊ आहे, चुकून गिळलं तरी काही होत नाही, तसंच बाहेर पडतं. पण आतल्या बाजूला हे टिकत नाही. गरम चहा कॉफी प्यायली की मऊ पडतं, जीभ त्याला सरकवून सरकवून दोन दातांच्या फटीत नेऊन कोंबते, आणि मग ते तिथून काढायचा वेगळा कार्यक्रम. खालच्या पुढच्या दातांवर तर मी म्हणेन लावूच नका, मीटिंग सुरू व्हायच्या आधी लावलं तर मीटिंगमध्येच तोंडात गोळी फिरायला लागते आणि मग ती गिळायची का कुठं काढायची हा प्रश्न पडतो, तोंडावर तर काही दाखवता येत नाही.

मेण चालतं कुठं तर मागच्या दाढांवर, जिथं जिभेची कड घासते पण टोक फारसं पोचत नाही, आणि रात्री झोपताना. तेवढ्यापुरतं डबी उशाशी असू द्या. एक युक्ती म्हणजे गोळी न करता लांबट वळी करायची आणि दोन तीन ब्रॅकेट्सवर एकदम आडवी दाबायची, मग ती तारेच्या आजूबाजूला शिरून धरून राहते, एकेकट्या गोळीपेक्षा बरी. दोन मार्क त्याच्यासाठीच.

सिलिकॉनच्या पट्ट्या. या पारदर्शक असतात, लहान तुकडे पाडलेले असतात किंवा पट्टीवर खुणा असतात तिथं तोडायचं. मेणापेक्षा चिवट, गरम पाण्यानं विरघळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो त्यामुळे जीभ घसरून जाते, अडकत नाही. जिभेला हा फरक पहिल्याच मिनिटात कळतो. यांच्यावर चार मार्क का आणि पाच का नाही तर लावायला कष्ट आहेत. पाकिटावर लिहिलेलं असतं की जागा कोरडी करून लावा, आणि लोक काय करतात तर टिश्यूनं एकदा पुसतात आणि दाबतात, मग पडलं की एक स्टार देऊन मोकळे होतात.

कोरडं करायचं म्हणजे खरोखर कोरडं. आधी ब्रश करून घ्यायचा, कारण अन्नाच्या कणांवर काहीच चिकटत नाही. मग जिभेखाली कापसाची गुंडाळी किंवा गॉजची घडी ठेवायची, डॉक्टर ठेवतात तशीच, म्हणजे लाळ ती शोषून घेते. दुसऱ्या गॉजनं ब्रॅकेट आणि तार दाबून दाबून टिपायची, घासायची नाही, घासली तर धागे अडकतात. तोंड उघडं ठेवून थोडा वेळ तोंडानं श्वास घ्यायचा, हवेनं उरलेला ओलावा जातो. मग पट्टी बोटांत दाबून थोडी गरम करायची, बोटंही कोरडी हवीत हे विसरू नका, आणि ब्रॅकेटवर ठेवून बोटानं काही सेकंद धरून ठेवायची, कडा दाताकडे दाबून द्यायच्या. मग हळूच कापूस काढायचा. हे सगळं वाचायला मोठं वाटतं, हाताला सवय झाली की दात घासण्यात मोडून जातं. पण घाईत, ऑफिसच्या बाथरूममध्ये, आरशात वाकून वाकून हे करणं म्हणजे वैताग आहे आणि खोटं कशाला बोलू, बाहेर असताना मी सरळ मेणच दाबते आणि घरी गेल्यावर बघू म्हणते.

एकदा काढलेली पट्टी परत लावू नका, ती चिकटत तर नाहीच आणि त्यावर जे काय साठलेलं असतं ते बघितलं तर तुम्हालाही नको वाटेल. जेवायच्या आधी काढायची. पट्टी चिकटलेली असताना चावून खाल्लं तर तिचा तुकडा घासाबरोबर पोटात जातो, मेडिकल ग्रेड सिलिकॉन असेल तर घाबरण्यासारखं काही नाही पण मुद्दाम कशाला.

अजून एक गोष्ट जी कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. वरच्या पुढच्या दातांवर पट्टी लावली की ब्रॅकेटची जाडी वाढते आणि बोलणं आणखी बिघडतं. आधीच स म्हणताना हवा कुठूनही निसटत असते, त्यात हे. म्हणून माझा नियम असा की दिवसा बोलायचं काम असेल तेव्हा वरचे पुढचे दात मोकळे, कव्हर फक्त खाली आणि दाढांकडे, आणि घरी आल्यावर किंवा झोपताना पाहिजे तिथं लावा. आणि खालचे दात वरच्या ब्रॅकेटवर आपटत असतील, जे लिंग्वलमध्ये बऱ्याच जणांना होतं, तर त्या आपटायच्या जागेवर काही लावण्यात अर्थच नाही, तोंड मिटलं की ते दबून बाहेर येणार.

तिसरं ते मळायचं सिलिकॉन. दोन वेगळ्या रंगांचे मऊ गोळे असतात, दोन्हीतून सारखा भाग घ्यायचा, रंग एक होईपर्यंत मळायचं आणि लगेच ब्रॅकेट्सवर दाबायचं, मग ते काही मिनिटांत रबरासारखं घट्ट होतं. डॉक्टर दातांचं माप घेताना जे वापरतात त्याच जातीचं. हे चिकटून राहत नाही, ब्रॅकेटच्या पंखांखाली आणि तारेच्या मागे शिरून तिथं अडकून बसतं, म्हणून लाळेला फारशी दाद देत नाही, आणि म्हणून आतल्या बाजूसाठी हे तिन्हीत सगळ्यात हुशार काम आहे असं माझं मत. बोटानं वरून गुळगुळीत करून घेतलं की जिभेला एक सलग भिंत लागते, एकेक ब्रॅकेट लागत नाही.

मग सगळ्यांनी हेच का घेऊ नये? एक तर हात चालायला पाहिजेत. मळायला उशीर झाला तर गोळा हातातच घट्ट होतो आणि फुकट जातो, लवकर दाबला तर नीट सेट होत नाही आणि चिकट चिकट राहतो. जास्त घेतलं तर तोंडात लगदा भरल्यासारखं होतं. दुसरं म्हणजे हे इतकं छान टिकतं की लोक काढतच नाहीत, आणि त्याच्याखाली जे अन्न आणि प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठतं ते हिरडीला लागून असतं. हिरडी सुजली, ब्रश केला की रक्त यायला लागलं की समजायचं खाली घाण साठलीये. रोज रात्री काढून नीट ब्रश करणार असाल तरच घ्या, नाहीतर पट्ट्यांवर थांबा. काढताना एका टोकाखाली फ्लॉसचा धागा किंवा नखाची कड घालून उचलायचं, ओढायचं नाही, ब्रॅकेट निघालं तर ते परत लावायला डॉक्टरची खुर्ची आणि आतल्या ब्रॅकेटला बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हा एवढा प्रपंच मांडलाय. कव्हर हे टोचणाऱ्या वस्तूवरचं पांघरूण आहे. काही टोचणं असं असतं की जिभेला सवय होते, तिची त्वचा थोडी चिवट होते आणि काही आठवड्यांत विसरायला होतं. पण काही टोचणं असं असतं की त्याची सवय होत नाही आणि व्हायलाही नको, आणि ते कुठलं हे ओळखता आलं पाहिजे. बोट फिरवून बघा. गोलसर, उंचवटा लागतोय, तर ते ब्रॅकेट आहे, त्याची सवय होईल. बोटाला सुईसारखं टोक लागलं तर ते तारेचं टोक आहे नाहीतर ब्रॅकेट बांधायला जी बारीक स्टीलची तार पिळतात तिचं शेपूट बाहेर आलंय. दात सरळ होत जातात तशी तार मागे सरकत सरकत शेवटच्या दाढेच्या मागे बाहेर येते, हे चांगलं लक्षण आहे, दात हलतायत, पण ते टोक जिभेच्या मुळाशी रुततं. हे कापायला डॉक्टरला दोन मिनिटं लागतात. फोन करा, जा, कापून घ्या. पुढची अपॉइंटमेंट लांब असली तरी मध्येच जायचं, त्यात लाजायचं काय. "सवय होईल" असं उत्तर मलाही मिळालंय, तेव्हा मी आरशात मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढला आणि तोच पाठवला, लगेच बोलावलं. फोटो पाठवा, हा माझा फुकटचा सल्ला.

तोपर्यंत घरी काय करायचं तर पिळलेल्या तारेचं शेपूट असेल तर ओल्या कानकाडीनं किंवा पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबरानं हळूच दाताकडे वाकवून द्यायचं. जाड तार स्वतः कापायच्या भानगडीत पडू नका, तुकडा घशात जाऊ शकतो आणि आतल्या बाजूला तर काय कापतोय ते दिसतही नाही.

डॉक्टरकडे अजूनही बरंच काही असतं जे मागितल्याशिवाय मिळत नाही. लाइटनं घट्ट होणारं एक जेलसारखं मटेरियल असतं, ते टोकावर लावून निळा लाइट मारला की गुळगुळीत टोपी होते, ती बऱ्यापैकी टिकते. धारदार हुक असेल तर त्यावर दात भरायचंच पातळ मटेरियल लावून देतात. दात काढलेला असेल आणि तिथं दोन ब्रॅकेट्समध्ये नुसती तार लोंबत असेल तर त्या तारेवर बारीक प्लास्टिकची नळी चढवता येते, जीभ मग त्या मोकळ्या तारेवर घासत नाही. सुळा आणि त्याच्या मागची छोटी दाढ यांच्यामध्ये लिंग्वलची तार एकदम वळते, कारण आतून बघितलं तर सुळ्याची आणि दाढेची जाडी वेगळी असते, म्हणून पूर्ण तारेचा आकार मश्रूमसारखा दिसतो, आणि जिभेच्या कडेला छाले पडतात ते बऱ्याचदा याच वळणापाशी. तिथं दुखतंय असं नेमकं सांगितलं तर डॉक्टरला लगेच कळतं. "सगळीकडेच दुखतंय" असं सांगितलं की पेनकिलर मिळते.

पेनकिलरवरून आठवलं, तार बदलली की दात दुखतात ते वेगळं आणि जीभ दुखते ते वेगळं. दातांचं दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. आतल्या बाजूचा कमानीचा घेर लहान, त्यामुळे दोन ब्रॅकेट्समधलं अंतर कमी, आणि तेवढ्या छोट्या तुकड्यात तार जास्त ताठ वागते. त्यावर मेण सिलिकॉनचा काही उपयोग नाही. गार, मऊ, चावावं लागणार नाही असं खा, आणि गोळी लागलीच तर डॉक्टरनं सांगितलेली.

जिभेला छाले आलेच तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, अर्धा मिनिट तोंडात फिरवायचं, दिवसातून तीनचार वेळा, जेवणानंतर नक्की. झोंबतं, पण आराम पडतो. पाच मार्क द्यायचे तर मी यालाच दिले असते पण हा प्रॉडक्ट रिव्ह्यू आहे म्हणून राहिलं. बेंझिडामिनचा माउथवॉश मिळतो तो दुखणं बऱ्यापैकी कमी करतो, जेवायच्या आधी थोडा वेळ वापरला तर जेवता तरी येतं. क्लोरहेक्झिडिन, म्हणजे जंतू मारणारा माउथवॉश, मात्र डॉक्टरनं सांगितलं तरच आणि सांगितलं तेवढेच दिवस, जास्त वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही जाते, आणि ब्रेसेसच्या कडेनं पडलेले डाग काढायला परत क्लिनिंग. टूथपेस्टनंतर लगेचही वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा परिणाम कमी होतो. फेसावरून आणखी एक, सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट वापरली की काही जणांचं तोंड येणं कमी होतं. सगळ्यांचं होईल असं नाही, पण ट्यूब संपली की पुढची तशी घेऊन बघायला काय हरकत आहे.

सुन्न करणारी जेल, लिडोकेन किंवा बेंझोकेनवाली, त्यांचं माझं जमत नाही. लावलं की पाच दहा मिनिटं स्वर्ग, मग लाळेनं धुऊन जातं, आणि सुन्न असताना जीभ चावली जायची भीती, तेही काय चावलं ते कळणार नाही. टोचणारं टोक तसंच ठेवून वरून सुन्न करत राहणं म्हणजे जखम खोल होऊ देणं. घरात लहान बाळ असेल तर बेंझोकेनची ट्यूब वर ठेवा, अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना हे तोंडात लावू नका असं स्पष्ट सांगितलंय, क्वचित पण गंभीर प्रकार होतो, रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही. आणि जिभेवरची जखम टोचणं थांबल्यावरही तीन आठवड्यांच्या वर राहिली तर जेल बिल सोडा, सरळ डॉक्टरला दाखवा.

बोलण्याचं थोडक्यात. पहिले काही दिवस बोबडं होणारच, बहुतेकांचं काही आठवड्यांत जाग्यावर येतं, काहींना जास्त लागतात. आपल्याकडे गोची अशी की स, त, द, न, ल तर आहेतच वर चमच्यातला च आणि जाळ्यातला ज पण दातांपाशीच जीभ टेकवून निघतो. ट, ड, ळ त्यामानानं सुटतात कारण जीभ वळून टाळूला लागते, ब्रॅकेट्सच्या मागे. म्हणून मोठ्यानं वाचा, आणि वाचताना च, ज, स भरपूर येतील असंच काहीतरी घ्या, कव्हर काढून. कव्हर लावून सराव केला तर जीभ त्या जाडीची सवय करून घेते आणि काढल्यावर परत पहिल्यापासून.

खाण्याबद्दल एवढंच की वरच्या पुढच्या दातांमागं ब्रॅकेट्स बसली की खालचे दात त्यांच्यावर टेकतात आणि मागच्या दाढा एकमेकींना लागतच नाहीत. मग चावायचं कसं? डॉक्टर दाढांवर मटेरियलचे छोटे उंचवटे करून देतात, ते पण खरबरीत वाटले तर गुळगुळीत करून मागा. घास लहान घ्या, तुकडे करून.

सफाईसाठी तोंडात घालायचा छोटा आरसा घ्याच, त्याशिवाय आतलं काही दिसत नाही. आरसा आधी गरम पाण्यात बुडवा म्हणजे वाफ धरत नाही. एकाच झुपक्याचा ब्रश, दातांच्या फटीत जाणारे बारीक ब्रश आणि जमलं तर वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या धारेनं फटी साफ करणारं यंत्र. ज्या लाळेमुळे पट्टी टिकत नाही त्याच लाळेतल्या क्षारांनी खालच्या पुढच्या दातांमागे कीटणही सगळ्यात जास्त साठतं, आणि कीटण साठलेल्या ब्रॅकेटवर काहीही चिकटत नाही. एकदा क्लिनिकमध्ये ते काढून घेतल्यावर माझ्या त्याच पाकिटातल्या पट्ट्या दुप्पट टिकायला लागल्या.

तर घ्यायचं काय. ब्रेसेस नवीन असतील तर पट्ट्यांचं एकच पाकीट घ्या, घाऊक घेऊ नका, सुरुवातीचे काही आठवडे गेले की तार बदलल्यावर किंवा नवीन रबर चेन, म्हणजे दात ओढून धरणारी रबराची साखळी, लावल्यावर तेवढीच गरज पडते आणि उरलेलं पडून राहतं. दिवसभर बोलायचं काम असणाऱ्यांनी, म्हणजे शिकवणारे, फोनवर असणारे, यांनी मळायचं सिलिकॉन खालच्या दातांसाठी ट्राय करून बघावं, पण पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी. पाकिटावर मेडिकल ग्रेड लिहिलंय का आणि एक्सपायरी काय आहे ते बघा, जुन्या पट्ट्या कडक होतात आणि मग कितीही कोरडं करा, नाही चिकटत. वासाचं, पुदिन्याचं वगैरे मेण घेऊ नका, सोललेल्या जिभेला ते झोंबतं.